मिसाफिर

किलिसला, सरहद्दीपासून दोन कोसांवर, आमचं घर.
त्यात एक खोली कायम कुलूपबंद:
जरीच्या उशा, न मळलेला गालिचा,
कपाटात सहा पेले
ज्यांतून घरातलं कुणी कधी चहा प्यायलं नाही.
मिसाफिरांची खोली. म्हणजे पाहुण्यांची.
शनिवारी आई ती झाडायची,
किल्ली पुन्हा कमरेला.

जानेवारीतल्या एका रात्री दार वाजलं.
दारात बाई, कडेवर मूल, एका पायात पुरुषी बूट.
"मुसाफिरा," ती म्हणाली, छातीवर हात ठेवून.
तिच्या अरबीत त्याचा अर्थ एवढाच:
वाटसरू आहे, थांबणार नाही,
अंतेपचा रस्ता तेवढा सांगा.
आईने ऐकलं ते आपल्या कानांनी.
किल्ली काढली.

शब्द आमच्याकडे आला तो त्यांच्याकडूनच,
कधीतरी, उंटांच्या काळात.
वाटेत उकाराचा इकार झाला,
आणि चालून चालून पाय भरून आले असावेत:
आमच्या भाषेत शिरला, तो बसलाच.
तिकडे निघालेला, इकडे पोचलेला.
त्याची आई सफर. तिला आम्ही सेफेर म्हणतो,
म्हणजे खेप. या सेफेरला, पुढच्या सेफेरला.
प्रवास संपला तरी मोजणी राहते.

रिहाब पंधरा दिवस उशीला टेकली नाही.

मग सरकारी कागदावर तोच शब्द आला.
तिथे त्याचा अर्थ: हक्क मागू नये.
नाक्यावरच्या बेकरीत: अजून किती दिवस?
एकदा साखर संपली तेव्हा
आईनेही तो दातांखाली धरून उच्चारला.
मी ऐकलं. रिहाबनेही.

अकराव्या वर्षी आईच्या डाव्या बुबुळावर
पांढरा ठिपका दिसू लागला.
दवाखान्यात रिहाबच घेऊन गेली, मी मागून.
डॉक्टर जुन्या वळणाचे. म्हणाले,
"डोळ्यात मिसाफिर आलाय."
आमची म्हातारी माणसं त्या फुलाला हेच म्हणतात:
न बोलावता येतं, नजरेच्या मधोमध बसतं.
रिहाबने मान खाली घातली.
तुर्की तिला येत होतं आता,
हा अर्थ येत नव्हता.
"जाईल का हो?" आईने विचारलं,
आणि हवेत चाचपत तिचं मनगट धरलं.
"नाही. पण त्याच्यासकट दिसतं."

संध्याकाळचा चहा त्या पेल्यांतून झाला.
सहांतले चारच उरलेत,
दोन रिहाबच्या मुलाने फोडले.
कोपऱ्यात बसून तो शाळेचा फॉर्म भरत होता.
'मूळ गाव' या रकान्यापाशी
पेन्सिल बराच वेळ थांबली होती.