प्रश्नावली, कुवेत

वार विचारला. म्हणाले, हजेरीवाल्याला विचारा.
साल विचारलं. खिडकीतल्या धुळीकडे बघत राहिले.
मी शून्य लिहिलं.

शुवैख बंदरातले टॅली क्लार्क तांडेल
रोज संध्याकाळी उशीखाली, फ्रिजमध्ये, चपलेत
पासपोर्ट शोधतात.
"कंपनीनं अडकवलाय. सुट्टी देत नाहीत."
मुलगा समजावायचा:
बाबा, कंपनी बुडाली. आई गेली.
दर वेळी ती त्यांच्यासाठी नव्यानं जायची.

मग रोवेनानं, सांभाळणारीनं,
जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट
त्यांच्या खिशात घातला, वर बटण लावलं.
आता पन्नासदा खिसा चाचपतात
आणि भात कालवायला घेतात.

माझ्या फॉर्मात याला रकाना नाही.
निघताना दारात हळूच मला विचारलं,
"तुमचा आहे ना तुमच्याजवळ?"