स्वहिस्सा

प्रकल्प अहवाल, पान सात, रकाना चौथा:
सांडपाण्याचा रंग.
मी विचारलं, कुठल्या वाराचा?
पुण्याचे सल्लागार हसले, त्यांना विनोद वाटला.

टॉवेलची मोठी ऑर्डर असली
की सोमवारपासून लालच जातो, बुधवार उजाडेपर्यंत.
मग बाटलीहिरवा, मग कधी आमसुली.
शनिवारी रात्री सगळे हौद एकदम सुटतात,
तो रंग मला अजून कुठल्याच शेडकार्डावर सापडलेला नाही.
रकाना लहान होता. मी लिहिलं: मिश्र.

आमच्या घरी पाण्याला नीळ्ळु म्हणतात.
दाजी पेठेतल्या मराठी शाळेत
बाईंनी विचारलं, निळं म्हणजे काय गं?
मी म्हटलं, प्यायचं.
वर्ग हसला.
घरी सांगितलं, तर नान्ना हसले नाहीत.
कोपरापर्यंत रंगलेले हात परातीत घासत म्हणाले,
बरोबरच सांगितलंस.

नान्ना म्हणजे राजेशम म्याकल.
एकतीस वर्षं दुसऱ्याच्या भट्टीवर डाइंग मास्तर,
आता स्वतःची एक भट्टी, दोन मशीन, आणि संस्थेचं सभासदत्व.
मी त्याच संस्थेत कारकून.
सव्वीस डायहाउस, एक नाला, एक फाइल.

अनुदान निम्मं.
कर्ज चाळीस टक्के, सात वर्षांत फेड.
उरलेले दहा: स्वहिस्सा.
सरकारी शब्दांत मला हा एकच आवडतो.
बैठकीत मात्र तो कोणी उचलेना.
गड्डमशेठ म्हणाले, माझा लाल
यांच्या काळ्याएवढा घाण नाही, मी कमी भरणार.
बुर्ला म्हणाले, मी नुसतं ब्लीच करतो,
पांढऱ्याला कसला आलाय रंग?
पांढऱ्याचा हिस्सा किती, यावर चहा दोनदा आला
आणि ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

जनसुनावणीला खालच्या अंगाच्या गावातून
चन्नव्वा बिराजदार आल्या.
अर्ज नव्हता. पिशवीतून एक धोतर काढून
त्यांनी साहेबांच्या टेबलावर पसरलं.
हे पांढरं होतं. माझ्या विहिरीवर धुतलं.
रंगणावळ कुणाला द्यायची, तेवढं सांगा.
इतिवृत्त मीच लिहिलं:
एका महिलेने रंगणावळीबाबत विचारणा केली.
सही झाली. पुढचा विषय.

हमीसाठी बँकेत सगळ्यांचे अंगठे.
नान्नांचा यंत्राला वाचता येईना.
पुसून, फुंकून, पुन्हा.
कॉस्टिकनं रेषा कधीच खाल्ल्या होत्या.
मॅनेजर म्हणाले, काका, रेषा कुठे गेल्या?
नाल्यात, साहेब. त्यासाठीच तर कर्ज काढतोय.
शेवटी डाव्या करंगळीवर दिवा हिरवा झाला.
इतक्या कोटींचं ओझं
त्यांच्या सगळ्यात लहान बोटानं उचललं.

पहिला हप्ता आला. हौद बांधून झाला,
अक्कलकोट रोडच्या उन्हात कोरडा, स्वच्छ,
त्यात मुलं क्रिकेट खेळतात.
दुसरा हप्ता पहिल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर,
प्रमाणपत्र चाचणीवर,
चाचणी वीजजोडणीवर,
आणि यंत्र चालू झाल्यावरचं वीजबिल
कुठल्या रकान्यात लिहायचं
ते कोणी विचारलेलंच नाही.
मी पेन्सिलीनं समासात लिहून ठेवलंय. बारीक.
व्याज मात्र पहिल्या दिवसापासून धावतंय, उताराकडे.

आज पाचवा दिवस.
पहाटे साडेतीनला अम्मा हाक मारते,
नीळ्ळु वच्चिनय्, ऊठ.
नळ खोकतो, हवा, मग धार.
आम्ही ड्रम भरतो. हायड्रोसचे जुने ड्रम,
धुऊन धुऊनही कडांना जांभळी रेघ.
नान्ना जिन्यावर बसून बघतात.
पहिला तांब्या मी बल्बखाली धरते,
सवयीनं.
काय आहे? ते विचारतात.
मी म्हणते, काहीच नाही.
ते थोडा वेळ गप्प बसतात.
मग म्हणतात, तेच लिही रकान्यात,
आपलं झालं की.