बाजेवर दोन कॅमेरे

साकोलीचे टेंभुर्णे आता लग्नात ड्रोन उडवतात.
जुने दोन कॅमेरे विकायचे म्हणून
मोटारसायकलने आमच्या गावी आले
आणि छपरीत, बाजेवर, गोधडी झटकून
दोघांना शेजारी शेजारी बसवलं.
मला दोनदा बसवलं होतं पाहुण्यांपुढे
तसं.

पहिला नवा, हलका,
माणसाचा डोळा कुठे आहे ते स्वतःच शोधणारा.
दुसरा थोराड. फुल फ्रेम.
कोपऱ्यांवरचा रंग गेलेला, पट्टा घामाने कडक,
शटर एक लाख बारा हजार वेळा
उघडून मिटलेलं.
"अजून तेवढेच निघतील," म्हणत
टेंभुर्णेंनी लेन्स काढून आतलं दाखवलं,
बाजारात बैलाचे दात दाखवतात तसं.

दोघांची किंमत एकच. अडतीस हजार.
अडतीस हजार म्हणजे
पन्नास रुपयांत आठ फोटो,
मागे पांढरा पडदा, कान दिसले पाहिजेत,
जॉबकार्ड, निराधार, स्कॉलरशिप,
कधी लग्नाच्या घोळक्यातून कापून मोठा केलेला
मेलेल्या माणसाचा चेहरा.
सात वर्षं मी गावाची मान सरळ केली.

आता मला बोडी काढायची आहे.
चौरा, गाद, देवधान,
माय कमरेइतक्या पाण्यात उभी राहून
पायाच्या बोटांनी ओळखते ते सगळं.
नावं तिला येतात.
चित्रं मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाहीत.

मेगापिक्सेल मी विचारले नाहीत.
म्हणजे विचारले, पण उत्तर ऐकलं नाही,
कारण तेवढ्यात माय बोडीवरून आली,
ओलं लुगडं, डोक्यावर टोपली,
आणि अंगणातला उजेड सड्यात मुरत चाललेला.
"थांब," म्हटलं, "तिथंच, दारात."
मागे घरातला अंधार, पुढे माय.
आमच्याकडे ळ पाण्यात विरघळून र होतो,
डोळ्याचा डोरा,
आणि माय, तिच्याच शब्दात, कारी.

पहिल्याने झटकन डोरा धरला,
गाल गुळगुळीत केले,
कपाळावर कुठला तरी उजेड आणून ठेवला.
दुसरा अडखळला. दोनदा चुकला.
तिसऱ्यांदा लागला:
केसांची कारी वेगळी, दाराआतली वेगळी,
गालावर वाळलेल्या गाळाची रेघ,
गळ्याच्या खळग्यात थेंबभर संध्याकाळ.

"सेटिंगचा खेळ आहे ताई," टेंभुर्णे म्हणाले.
खरं असेल.

मायने पदराला हात पुसून दोन्ही पाहिले.
"हा घे," पहिल्यावर बोट.
"याच्यात मी बरी दिसतो.
त्याच्यात तं बोडीतून आल्यावानी."
"बोडीतूनच आली ना व."
"मंग? फोटूत बी तेच?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.
अजून नाही.

मी थोराड घेतला.
दोन दिवस माय धड बोलली नाही,
तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ जास्त झालं
तेव्हा मीच चूप बसले.

आता पहाटे पाळीवर
त्याच्या वजनाने मान खाली जाते.
लेन्सवर दव धरतं. पुसू नये म्हणतात,
म्हणून थांबते,
तोवर माय पाण्यात उतरून पुढे गेलेली असते.
माझ्या फोटोंत बहुतेक तिची पाठ येते,
आणि तिच्या मागे
मिटत जाणारी पाण्याची वाट.

ती गोरी माय टेंभुर्णेंच्या कार्डात राहिली,
मोटारसायकलवर बसून साकोलीला गेली.
मी फोन केला.
कार्ड फॉरमॅट झालं म्हणाले,
वलनीच्या एका बारशात.

मायला सांगितलं नाही.
ती हप्त्यातून एकदा तरी विचारते,
शिंगाडे सोलता सोलता, वर न बघता:
"आला का व
माह्यावाला फोटू?"