तिसरी तारीख

सगुण मळीक, पायलट, डिचोली.
लायसन बंद.
पहिल्यांदा दंड भरला बायकोची पाटली मोडून.
दुसऱ्यांदा बाईसाहेब म्हणाल्या,
आता पुन्हा दिसलात तर आत.

आज सुनावणी, दहाची.
मयेहून येणारी बस गच्च,
थांबलीच नाही.
आणि अंगणात ती उभी,
पिवळ्या मडगार्डची, रोज पुसलेली.

मी कोर्टाच्या दारावरचा शिपाई. मी पाहिलं:
वळताना त्यानं इंडिकेटर दिला, मागे कुणी नसताना.
फणसाखाली गाडी लावली,
पोलिसांच्या जीपशेजारी, अगदी रेषेत.
हेल्मेट आरशाला अडकवलं.
किल्ली खिशात टाकताना
हात थांबला.

तेव्हा कळलं त्याला.
जीपमधल्या हवालदारालाही.

मी नाव पुकारलं, तीनदा,
तो समोरच उभा असताना.

महिन्यानं निकाल. त्यात सगळं आलं:
कलम, मुदत, रुपये.
इंडिकेटरचं काही नाही.

कोलवाळला नेताना मागे बसवला.
हवालदार सांगत होता,
अस्नोड्याच्या वळणावर
त्यानं उजवा पाय दाबला, जोरात,
जीपच्या पत्र्यावर.
ड्रायव्हर जरा वेगात होता, म्हणे.