तेरावा महिना

अदिस अबाबा. बोले रस्त्याच्या मागची गल्ली, चौथा मजला.
त्सिगेरेदा तारखांचे आकडे करत बसली आहे.
काम साधं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस,
मधल्या तिरक्या दांड्या काढायच्या,
एकेरी अंकाला डावीकडून शून्याचा टेकू द्यायचा,
की आठ अंकांची एक संख्या होते,
आणि संख्या झालेली तारीख
मुकाट रांगेत उभी राहते,
लहानीमागे मोठी, कुणाला न ढकलता.

देसेच्या जुन्या इस्पितळाची जन्मनोंद आहे ही.
चार लाख ओळी आत गेल्या.
जिन्यातून कॉफीचे दाणे भाजल्याचा वास आला
तेव्हा एकशे सत्त्याण्णव तेवढ्या परत आल्या होत्या,
लाल होऊन:
महिना १३. असा महिना नाही.

असा महिना नाही म्हणे!
पाच दिवसांचा, चौथ्या वर्षी सहा दिवसांचा,
वर्षाच्या पदराला मारलेली गाठ, पागुमे.
त्सिगेरेदाची आई याच दिवसांत भांडी अंगणात काढून घासते.
(पगार मात्र या दिवसांचा कुणी देत नाही.)
पलीकडून गेटनेट म्हणाला,
"बाराव्यात ढकल. कोण बघतंय?
नाहीतर १९०००१०१ टाक."
सगळ्या बेवारस तारखांचा पत्ता तो.

तिने पहिली ओळ उघडली.
१९७७१३०३. झेनेबेच यिमेर. मुलगी.
वजन: लिहिलेलं नाही.
इथलं सत्याहत्तर म्हणजे बाहेरच्या जगाचं पंच्याऐंशी.
वोलोतली ती वर्षं तिने पाहिलेली नाहीत,
पण ताटात इंजेराचा कोपरा उरला
की तिचे वडील काही बोलत नाहीत,
उचलून स्वतः खातात.

मी शेजारच्या खुर्चीत, सहा महिन्यांच्या करारावर.
माझ्या भाषेत एक म्हण आहे, दुष्काळात तेरावा महिना.
गॅस संपला, त्यात पाहुणे आले,
एवढ्याशा गोष्टीला आम्ही ती वापरतो.
इथे एकाच ओळीत
दुष्काळ होता, तेरावा महिना होता,
आणि एक बाई बाळंत होत होती.

झेनेबेच म्हणजे काय, मी विचारलं.
स्क्रीनवरून नजर न काढता ती म्हणाली,
"ती बरसली."

मग तिने दिवस मोजणारं एक लहानसं सूत्र लिहिलं.
पागुमे तीन म्हणजे सप्टेंबर आठ.
१९८५०९०८.
हिशेब चोख. लाल गेलं.
झेनेबेच रांगेत जाऊन उभी राहिली,
तिच्या पुढेमागे कोण आहे ते आता शोधता येईल.

गेटनेट घरी गेला. ही उठेना.
तक्त्याच्या उजव्या टोकाला तिने आणखी एक रकाना जोडला,
कुणी मागितला नव्हता.
प्रकार: मजकूर. याची वजाबाकी होत नाही, वय निघत नाही.
त्यात दांड्यांसकट, जसंच्या तसं:
०३/१३/१९७७.

"रकान्याला नाव काय देऊ?"
"मूळ तारीख," मी म्हटलं.
ती थोडा वेळ थांबली.
मग अम्हारिकात काहीतरी टंकलं, बरंच लांब.
मला ती लिपी वाचता येत नाही.