मगे

रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाला खुलासा हवाय,
कंटेनर नऊ दिवस उशिरा का.
मी लिहिलं: 'फर्स्ट' बॉयलर बंद पडला,
'देन' वीज गेली, 'देन' शेडचे पत्रे उडाले,
'देन',
'देन' –
एस्तेलबाई चष्म्यावरून बघतात.
"हे पत्र आहे की गजाल?"

वेंगुर्ल्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून
आता त्या आमच्या काजू-कारखान्याची पत्रं तपासतात,
बदल्यात पावशेर तुकडा.

"पहिल्या 'देन'चं 'सब्सिक्वेन्टली' कर.
दुसऱ्याचं 'देअरआफ्टर'. आणि पुढे स्वल्पविराम, बाबा,
शब्दाला उंबऱ्यावर जरा टेकू दे.
शेवटाला 'अ‍ॅट लास्ट' नको. तो सुस्कारा झाला,
सुटलो एकदाचे!
धंद्यात सुस्कारायचं नसतं. 'फायनली' लिही."

लिहिलं.
पत्र इस्त्रीच्या शर्टासारखं दिसायला लागलं.

फक्त सुगंधा आरोलकरला कुठे बसवू कळेना.
तिची बोटं चिकाने सोलवटली ती
वीज गेल्यावर, की पत्रे उडताना?
फोडणीच्या खोलीत जाऊन विचारलं.
बोटांना खोबरेल फाशीत ती म्हणाली,
"ती आदीपासूनच सोलतत रे.
मगे काय,
मगे परत फोडूक बसलंय."

बाई, ह्याला कुठला शब्द?

त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"ते पत्रात नको."
मग बऱ्याच वेळाने,
तुकड्याची पुडी माझ्याकडे परत सारत,
"नाहीतर लिही. 'मीनव्हाइल'.
स्वल्पविराम विसरू नको."