ढ नंतरचं अक्षर

ओळीनं सहा चुका झाल्या की थांबायचं,
पुस्तिकेत ठळक छापलंय.
त्याला म्हणायचं छत.
आणि जिथं सलग सहा बरोबर येतात, तो तळ.
मूल या दोन रेघांच्या मध्ये राहतं असं धरून चालायचं.

लोवेल, मॅसॅच्युसेट्स. जानेवारी.
जिमला लागून चटया ठेवायची खोली,
भिंतीपलीकडे चेंडू आपटतोय,
समोर सोवान कियो, पाचवीतला,
वाचन दुसरीचं,
बुटांतला बर्फ गालिच्यात सोडत बसलेला.

मी पानं मागं उलटत जाते. पाचवी, चौथी, तिसरी.
त्याला कळतं. प्रत्येक मुलाला कळतं
पानं कुठल्या बाजूला चाललीत ते.
चित्रं मोठी होतात,
अक्षरं वाटाण्याएवढी,
आणि शेवटी एक बदक येतं.
तो बदकाकडे बघतो, मग माझ्याकडे,
आम्हा दोघांबद्दल त्याला वाईट वाटल्यासारखं.

बार्शीत मला ढ म्हणत.
गणिताचे कोष्टी सर हवेतच काढायचे ते अक्षर,
सांगायचे, बाकी सगळी बदलली,
अशोकाच्या शिलालेखापासून हा एकटा तसाच बसलाय.
वर्ग हसायचा. मीही हसायचे, जरा उशिरा.
सोवानच्या फाइलमध्येही नोंद आहे:
विनोदाला उशिरा हसतो.

सहावी चूक झाली. घड्याळ थांबवलं.
पुस्तिका मिटायला मात्र हात उचलेना,
आणि तो वाचतच राहिला.
सातवा शब्द बरोबर. आठवा चूक. नववा बरोबर.
मग लाइटहाउस आलं. लाइट म्हणून थांबला तो
इतका वेळ, की एखादं जहाज
तेवढ्यात खडकावर आपटलं असतं.
पण लागला दिवा.
छताच्या वरचं मोजत नाहीत.
मी ते समासात पेन्सिलीनं लिहिलं.

गुरुवारी बैठक. पेलेटिअर साहेबांचा आलेख,
त्यावर एक टिंब, सगळ्यांच्या खाली.
डोहर्टी बाई म्हणाल्या, चौथी पुन्हा करू दे.
दुसरं कोणी म्हणालं, निळ्या खोलीत पाठवू,
रोज पाऊण तास, विज्ञानाच्या वेळेला.
विज्ञान तर त्याचं आवडतं, मी म्हटलं.
वेळापत्रकात तेवढीच जागा आहे, म्हणाले.

त्याला मदत नको असं नाही माझं.
मला तर कोणी मागं ठेवलंच नाही.
दरवर्षी चढवत नेलं, ग्रेस मार्कांची काठी देऊन,
आणि नववीत खाली बघितलं तर
पायाखाली जिना नव्हता.
तेव्हा मागं ठेवणं वाईट की पुढं ढकलणं,
हे मला विचारू नका. दोन्हींत बाक तोच असतो, शेवटचा.

आजी इतका वेळ गप्प होती.
मांडीवर कोट, टेबलावर फोन,
फोनमध्ये कुठल्या तरी गावचा दुभाषी.
तिनं काहीतरी विचारलं. दोन सेकंद गेले.
मग फोन म्हणाला:
तो कोणाशेजारी बसेल?

सगळ्यांनी आपापले कागद पाहिले.
तसा रकाना नव्हता.

ट ठ ड ढ म्हणत कालव्याच्या कडेनं घरी आले.
ढ पाशी मी नेहमी थांबते, सवय आहे.
पुढं ण आहे.
त्यानं शब्द सुरू होत नाही एकही,
पण तो नसला तर पाणी नाही, अंगण नाही,
आणि कोण, असं विचारायचीही सोय नाही.

निर्णय झाला तो कोणालाच पुरता पटलेला नाही.
पाचवीच. विज्ञान तसंच.
घंटेआधी, सव्वासातला, निळी खोली.
आजी सोडून जाते, हातमोजे न काढता.
त्याच बसनं नेविया येते,
तिचं वाचन उत्तम आहे,
तिच्यासाठी कुठलाही फॉर्म भरलेला नाही.
ती नुसती शेजारी बसते, केळं खाते,
आणि तो अडला की
छताकडे बघत राहते, त्याला सापडेपर्यंत.